डाव्या मडगार्डचं पोट

चाळीस वर्षं पत्रा ठोकल्यावर माणसाला एक वाईट खोड लागते. समोरचा माणूस बोलत असतो आणि आपण त्याच्या मागं उभ्या असलेल्या गाडीचे पोचे बघत असतो. आमची ही म्हणते, ‘मला बघाय आलतासा तवाबी तुमचं ध्यान आमच्या दारातल्या घागरीकडंच होतं.’ खोटं नाही. घागरीला खालच्या अंगाला पोचा होता. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो तेव्हा आधी तो काढून दिला आणि मगच जेवायला बसलो.

आमच्या बेळगावात माझ्या धंद्याला टिंकरिंग म्हणतात आणि मी टिंकर. गाडी आपटली, पत्रा आत गेला, की तो पुन्हा होता तसा बाहेर आणणं हे आमचं काम. एका हातानं पत्र्याच्या आतून लोखंडाचा गुळगुळीत ठोकळा धरायचा, दुसऱ्या हातानं बाहेरून हातोडीचे हलके ठोके द्यायचे. बघणाऱ्याला वाटतं यात ताकद लागते. ताकद नाही, धीर लागतो. ठोके जास्त पडले की पत्रा ताणतो, पातळ होतो आणि रिकाम्या डब्यासारखा वाजायला लागतो. मग त्याला तापवून, ओल्या फडक्यानं गार करून परत आवळून घ्यावं लागतं. काम झालं की नाही हे डोळ्यांनी ठरवायचं नसतं, कारण डोळ्याला उजेड फसवतो. डोळे मिटून तळहात फिरवायचा. हात जिथं अडखळेल तिथं काम शिल्लक आहे. हल्ली पोचा दिसला की पुट्टी भरतात, नाहीतर अख्खा भागच बदलून टाकतात. मी त्यांना नावं ठेवत नाही. म्हणजे त्यांच्यासमोर ठेवत नाही.

काकतीच्या एका गुरुजींची स्कूटर एकदा माझ्याकडं आली होती. गुरुजी म्हणाले, ‘आप्पा, सगळी नवी करा, पण पुढच्या ह्या पोच्याला तेवढा हात लावू नका. आमच्या मंडळींनी गाडी शिकताना गेटच्या खांबावर घातली, त्याचा हा पोचा. घरात माझं काही चुकलं की त्या बोलायला लागतात. मग मी नुसतं स्कूटरकडं बोट दाखवतो.’ मी हसलो आणि बरं म्हणालो. पण दोन दिवस तो पोचा माझ्याकडं बघत होता. तिसऱ्या दिवशी काढला, आणि त्याचे पैसेही लावले नाहीत. गुरुजी आले, स्कूटर बघितली आणि बाकावर मटकन बसले. ‘माझ्याकडं एकच पुरावा होता हो आप्पा,’ एवढंच म्हणाले. अजून कुठल्या लग्नात गाठ पडली की त्यांच्या मंडळी मला आग्रह करकरून वाढतात आणि गुरुजी दुसऱ्या पंगतीला बसतात.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं ते याच खोडीमुळं. माझ्या हातून जन्मात एकदाच एक काम अगदी निर्दोष झालं आणि तेवढंच मला मोडून परत करावं लागलं.

मी आणि माझा थोरला भाऊ, अण्णा, दोघांनी सुरुवात केली ती बसच्या बॉड्या बांधणाऱ्या शेडमध्ये. तिथं पद्धत अशी, की एका गाडीला दोन टिंकर, एक उजव्या बाजूला, एक डाव्या. अण्णा उजवीकडं आणि मी डावीकडं हे पहिल्या दिवशी ठरलं ते पंधरा वर्षं बदललं नाही. संध्याकाळी आमचे उस्ताद यायचे, गाडीच्या तोंडावर मधोमध सुतळी ताणायचे आणि दोन्हीकडचं अंतर मोजायचे. अण्णाची बाजू नेहमी अंगासरशी, घट्ट. माझी थोडी फुगायची. मी डावखुरा, त्यामुळं असेल. नक्की का ते मला कधी कळलं नाही. उस्ताद अख्ख्या शेडला ऐकू जाईल असं ओरडायचे, ‘परशा, तुझ्या बाजूला दिवस गेल्यात काय रं?’ सगळे खदाखदा हसायचे. अण्णा हसायचा नाही. सुट्टी झाल्यावर सगळे सायकली काढून घरी जायचे आणि अण्णा माझ्यासाठी थांबायचा. तो आतून ठोकळा धरायचा आणि मी ते पोट आत घ्यायचो. असं करत करत हात सुधारला. पुढं अनगोळात स्वतःचं गॅरेज टाकलं तेव्हा माझी ओळखच ती झाली, की आप्पाच्या गाडीच्या दोन्ही बाजू सारख्या, पाहिजे तर सुतळी लावून बघा.

तीन वर्षांपूर्वी मालतीबाई गॅरेजवर आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, बोलणं तोलून मापून. त्यांचे वडील बेळगावात वकील होते आणि फार पूर्वी त्यांनी गोव्यातल्या एका घराण्याकडून एक इटालियन गाडी घेतली होती. दोनच माणसांची, बसकी, शर्यतीच्या गाड्या असतात तसल्या घाटाची, वर कापडी टप. टप मागं सारला की गाडी उघडी. सुट्टीच्या दिवशी वकीलसाहेब बाईंना शेजारी बसवून जांबोटीच्या रस्त्याला जायचे. ते गेले आणि गाडी घरामागच्या शेडमध्ये राहिली ती राहिलीच.

मी बघायला गेलो तेव्हा टपाच्या जागी नुसत्या काड्या उरल्या होत्या, सीटमध्ये मांजर व्यालं होतं आणि खालचा पत्रा बिस्किटासारखा हातात येत होता. तरी सांगतो, ती गाडी बघून मला भरून आलं. तिच्या अंगावर एक रेघ सरळ नव्हती. पुढच्या दिव्यापासून दारापर्यंत पत्रा असा आला होता की कुठं सुरू झाला आणि कुठं संपला सांगता येऊ नये. हे मशीनचं काम नव्हतं. आतून हात घातला तर हातोडीचे व्रण बोटांना लागत होते.

बाई म्हणाल्या, ‘आप्पा, मी मुलीकडे म्हैसूरला राहायला जायचं म्हणते आहे. घर विकलं जाईल. पण ही गाडी भंगारात जायला नको. अख्खी, चालती कुणाच्या तरी हातात देऊन जायचं आहे.’

मी काम घेतलं. इंजिन उद्यमबागेतल्या माझ्या एका दोस्तानं उतरवून नेलं, अंग माझ्याकडं. हात लावण्याआधी मी फर्मे कापले. फर्मा म्हणजे टाकाऊ पत्र्याचा तुकडा, त्याची कड गाडीच्या अंगाला तंतोतंत बसेल अशी कापायची, म्हणजे मूळ वळण कुठं हरवत नाही. पुढच्या दोन्ही मडगार्डना तीन-तीन कापले आणि मग डोळे मिटून हात फिरवला. उजवीकडं झकास. डावीकडं हात अडखळला. मधोमध बोटभर पोट होतं.

माझ्या कानात उस्ताद ओरडले. मला वाटलं, कधीतरी गाडी ठोकली असणार आणि कुणीतरी अडाण्यानं काम केलं असणार. फर्म्यावर रंगानं ‘डावा, चुकीचा’ असं लिहिलं आणि कामाला लागलो. तापवून, आवळून, ठोकून तीन आठवड्यांत ते पोट असं आत घेतलं की दोन्ही मडगार्ड जुळे भाऊ दिसावेत. वर फिकट निळा रंग चढला, नवा टप आला, सीटला कातडं आलं. पहिल्यांदा सुरू केली तेव्हा बाई गॅरेजच्या दारात उभ्या राहून रडल्या आणि मग रडल्याबद्दल माझी माफी मागितली.

जाहिरात बाईंनीच लिहिली. वहीत, शुद्ध मराठीत. मुलगी ती इंग्रजी करून इंटरनेटवर टाकणार होती. बाईंनी मला विचारलं, ‘आप्पा, गाडी मूळ रूपात आहे असं लिहू ना?’ मी म्हणालो, ‘मूळच्यापेक्षा चांगली हाय असं लिवा बाई.’ त्यांनी ‘मूळ रूपात’ एवढंच लिहिलं.

फोन पुष्कळ आले. एकानं विचारलं ॲव्हरेज किती देते. एकाला मुलाच्या लग्नाच्या वरातीसाठी एका दिवसाची पाहिजे होती. मोठ्या शहरातला एक व्यापारी मात्र पुन्हा पुन्हा फोन करत राहिला. त्याला गाडी सुटी करून पाहिजे होती, इंजिन वेगळं, दारं वेगळी, दिवे वेगळे. बाई म्हणाल्या, ‘मी त्याला नाही म्हटलं. पण घर दसऱ्यानंतर लगेच रिकामं करून द्यायचं आहे. तोवर कुणी आलं नाही, तर मला त्यालाच हो म्हणावं लागेल.’ श्रावण लागला होता. दसऱ्याला फार दिवस नव्हते.

आणि निपाणीचे दिनकरशेठ आले. घराणं तंबाखूचं, जुन्या गाड्यांचा नाद, वखारीच्या अर्ध्या भागात तंबाखू आणि अर्ध्या भागात गाड्या. साधं धोतर नेसलेला माणूस बघून मी मनात म्हटलं, यांना काय कळणार. त्यांनी माझ्याशी बोलायच्या आधी डोळे मिटले आणि गाडीवरून तळहात फिरवला. तंबाखूच्या पानाला हात लावून त्यात ओल किती ते सांगणारा माणूस, त्याचा हात माझ्यापेक्षा मुरलेला होता. उजवं मडगार्ड झालं, डावं झालं, परत उजवं झालं.

‘मिस्त्री, ह्यो पत्रा कुणी केला?’

‘मी,’ म्हणालो. छाती थोडी पुढं आलीच.

‘मूळचा काढून नवा घातलासा?’

‘न्हाय वो शेठ. मूळचाच हाय. खालचं कुजल्यालं तेवढं बदललंय.’

‘मग दोन्ही बाजू सारख्या कशा?’

मला ती तारीफ वाटली. ‘सारख्याच असाय पायजेत की.’

‘नसत्यात,’ दिनकरशेठ म्हणाले. ‘असल्या दोन गाड्या मी इटलीत जाऊन बघून आलोय, हात लावून. एकीच्याबी दोन बाजू सारख्या न्हाईत. दोन माणसं दोन बाजूला बसून हातानं ठोकत हुती, मिस्त्री. ज्याचा जसा हात, तशी त्याची बाजू. तुमाला ठावं न्हाय काय असलं काम?’

मला नसेल ठाऊक तर कुणाला असणार होतं? पंधरा वर्षं दुसरं काय केलं होतं मी?

शेठ बाईंकडं वळले. ‘बाई, रागावू नगासा. जाहिरातीत मूळ रूपात म्हटलंय. मला तर ही गाडीच नकली वाटालीया.’

बाईंनी माझ्याकडं बघितलं आणि नुसतं ‘आप्पा?’ म्हणाल्या. त्या बाईंनी जन्मात कुणाला खोटं सांगितलं नसेल, आणि माझ्यामुळं त्यांच्या वहीतलं वाक्य खोटं ठरलं होतं. मी सांगून टाकलं. ‘डाव्या बाजूला प्वाट हुतं शेठ. मला वाटलं, चूक हाय. मी काढलं.’

दिनकरशेठ माझ्या बाकावर बसले. ज्या बाकावर गुरुजी बसले होते, त्याच.

‘मला ती प्वाटासकट पायजे,’ म्हणाले. ‘दसऱ्यापतुर हुतंय काय बघा. झाली तर मी अख्खी नेतो आणि चालवतो, शब्द देतो. न्हाय झाली तर मला नगं. दोन्ही बाजूला सारखी गाडी मला शोरूममधीबी मिळतीया.’

ते गेल्यावर बाई रागावतील म्हणून मी वाट बघत उभा राहिलो. त्या गाडीजवळ गेल्या, डाव्या मडगार्डवर हात ठेवला. म्हणाल्या, ‘लहानपणी बाबा मला मडगार्डवर बसवायचे. उजवीकडून मी घसरायची. डावीकडे नीट बसता यायचं. मला वाटायचं, डावीकडे बसायला मला छान जमतं.’

मला तिथं उभं राहवेना.

पोट परत आणायचं तर ते किती होतं हे कळायला पाहिजे. ते जुन्या फर्म्यांवर होतं. आणि जुने फर्मे काम संपल्यावर मी पत्र्याच्या इतर तुकड्यांबरोबर जांबोटीला आक्काला, माझ्या बहिणीला, देऊन टाकले होते. तिला गोठ्याला, खुराड्याला असले तुकडे लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी चुकली, पुढची कधी येईल ते कुणी सांगेना. मिळेल त्या टेंपोनं अर्ध्यात गेलो आणि उरलेलं घोंगडं पांघरून पावसात चाललो.

आक्का म्हणाली, ‘भाऊबीजंला ये म्हटलं तर येत न्हाईस, आणि आता पत्र्यापाय चिखल तुडवत आलास?’

पहिला फर्मा खुराड्याचं दार झाला होता. मी उचकटायला लागलो तशी ती आडवी आली. ‘ह्या वाकड्या पत्र्यानं माझ्या कोंबड्या मुंगसापास्नं वाचल्यात. ह्यो मी देत न्हाय.’ तिला तिथंच बसून नवं दार करून दिलं, तेव्हा सुटका झाली. दुसरा कणगीवर झाकण होता, धड होता. तिसरा, मधला, ज्यावर सगळ्यात जास्त पोट होतं, तो भावजींनी गोठ्यातलं शेण ओढायला घेतला होता. त्याची कड रोज फरशीवर घासून घासून बोथट झाली होती आणि तुकडा मधोमध वाकला होता. त्यावरचा ‘चुकीचा’ हा शब्द मात्र चांगला वाचता येत होता.

परत येऊन रंग खरवडायला घेतला. आमचा पेंटर आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. मी आवळलेला पत्रा आता परत ताणायचा होता, आणि एकदा आवळून परत ताणलेला पत्रा कधी फाटेल याचा नेम नसतो. पुढचं आणि मागचं वळण दोन फर्म्यांनी आलं. मधला वीतभर भाग उरला. तिथं माप नव्हतं. तीन दिवस नुसता बघत बसलो. मग ठरवलं, आता हात रोखायचा नाही. चाळीस वर्षं डाव्या हाताला मी लगाम घालत आलो होतो. ठोका पडला की लगेच सुतळी, लगेच तपासणी. या वेळी सुतळी काढून ठेवली आणि हाताला जायचं तिकडं जाऊ दिलं. एकदा पत्र्यानं बारीक कुरकुर केली आणि मी हातोडी वरच्या वर धरली. पण फाटला नाही. इतकं सुख मला कुठल्या कामात मिळालं नव्हतं, हे कबूल करतो.

दसऱ्याला दोन दिवस असताना दिनकरशेठ आले. बाई एका बाजूला उभ्या होत्या, पदर बोटाला गुंडाळत. शेठनी डोळे मिटून हात फिरवला. मध्यावर आले तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. न बोलता गाडी खपली असती, पण बाईंच्या वहीतलं वाक्य एकदा माझ्यामुळं खोटं झालं होतं.

‘शेठ, मधल्या भागाचा फर्मा मिळाला न्हाय. तेवढं मी अंदाजानं केलंय.’

त्यांचा हात तिथंच थांबला. शेठनी परत एकदा हात मागं नेला, पुढं आणला.

‘त्यानंबी अंदाजानंच केलावता की मिस्त्री,’ ते म्हणाले. ‘चला, टप काढा. काकतीपतुर फेरी मारून येऊ. बाई, तुमी माझ्या शेजारी बसा.’

हायवेला बाईंचे पांढरे केस वाऱ्यावर उडत होते आणि ट्रकवाले वळून वळून बघत होते. हे मी मागून मोटरसायकलवरून बघितलं.

दसऱ्यादिवशी गाडीला झेंडूची माळ घालून निपाणीला पोचवायला मी स्वतः गेलो. निपाणीला माझा अण्णा असतो, मुलाकडं. काचबिंदूनं त्याची नजर गेलीय, उजेड-अंधार तेवढा कळतो. या सगळ्यातलं मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं. काय सांगणार, की उस्तादांनी मला केलं ते मी इटलीतल्या कुणाला तरी केलं? पुतण्यानं त्याला वखारीत आणला. मी म्हटलं, ‘अण्णा, ही गाडी केलीया मी. हात लावून बघ.’

त्यानं उजवीकडून सुरुवात केली. जुनी सवय. ‘झ्याक हाय,’ म्हणाला. ‘एकदम घट्ट.’ मग गाडीच्या नाकावरून चाचपडत डावीकडं आला. हात मध्यावर पोचला आणि थांबला. अण्णाच्या तोंडावर हसू आलं. शेडमध्ये जेव्हा सगळे हसायचे तेव्हा न आलेलं.

‘परशा,’ तो हळूच म्हणाला, शेठना ऐकू जाऊ नये म्हणून. ‘परत फुगलं की रं तुझ्या बाजूला. ठोकळा आणलाईस काय? मी आतनं धरतो. घे आत.’

त्यानं बाह्या वर सारल्यासुद्धा होत्या.

‘ऱ्हाऊ दे अण्णा,’ मी म्हणालो. ‘ह्ये असंच पायजे हाय.’

‘असंच?’

‘व्हय. असंच.’



‘मग आपण उगंच थांबत हुतो की रं सुट्टी झाल्यावर,’ अण्णा म्हणाला, आणि हात त्यानं तिथून काढला नाही.